कंडक्टरबाईंनी चालवलेली वीजबिलाची सभा

कंडक्टरबाई आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांचं खरं नाव पाटीवर लिहिलेलं आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. पोस्टमनसुद्धा खालून "कंडक्टरबाई, पत्र!" असंच ओरडतो.

त्यांचे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापखान्यात नवी यंत्रं आली आणि एका सकाळी मालकानं सगळ्या जुळाऱ्यांना हातात नारळ देऊन घरी पाठवलं. घरात दोन लहान मुली, सासूबाई आणि हे दोघं. बाईंनी त्याच आठवड्यात शहर बससेवेची जाहिरात पाहिली आणि कुणाला न विचारता अर्ज टाकला. निवड झाल्यावरच घरी सांगितलं. शेजारच्या बायका सासूबाईंना समजावायला आल्या, की अहो, बसमध्ये किती गर्दी असते, परके पुरुष, सुनेला ढकलतील-बिकलतील. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ढकलतील तर ढकलू देत. तिकीट काढून ढकलतील!"

मग त्यांनी स्वतः सुनेच्या गणवेशाला आतून दोन जादा खिसे शिवले. एक नोटांसाठी आणि एक खडीसाखरेसाठी. दिवसभर ओरडून घसा बसू नये म्हणून.

डेपोत तेव्हा एकही बाई नव्हती. बायकांसाठी स्वच्छतागृहदेखील नव्हतं. समोरच्या बेकरीच्या मालकिणीनं आपल्या घराची एक किल्ली बाईंना देऊन टाकली आणि परत कधी मागितली नाही. पुरुष कंडक्टर पहिले काही महिने गंमत बघत होते. एकदा भर गर्दीत एक पैलवान गडी पायरीवर लोंबकळत राहिला, आत यायला तयार होईना. बाईंनी घंटा मारून गाडी थांबवली, खाली उतरल्या, त्याच्या शेजारी पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "मीही इथेच बसते. आत काय आहे एवढं?" सगळी गाडी हसायला लागली. गडी मुकाट्यानं आत गेला. त्या दिवसापासून डेपोत त्यांना कुणी हसलं नाही.

इतकी वर्षं गाडीभर माणसांवर आवाज चालवणाऱ्या या बाई निवृत्तीच्या निरोप समारंभात मात्र मुक्या झाल्या. व्यवस्थापकांनी माईक हातात दिला. समोर सगळा डेपो. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि माईक शेजारच्या ड्रायव्हरला देऊन खाली बसल्या. यजमान घरी येईपर्यंत हसत होते. "जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवलंस, आज स्वतःच गप्प बसलीस!" बाईंना ते फार लागलं. बेकरीवालीचं नाव घ्यायचं होतं, सासूबाईंचं घ्यायचं होतं, आणि तोंडातून हवाच निघाली. तेव्हापासून कुणी चार लोकांसमोर उभं राहायला सांगितलं, की त्या पाणी प्यायला आत जायच्या.

तर अशा या बाई वीजबिलाच्या सभेच्या अध्यक्ष कशा झाल्या, ती ही हकिकत.

आमच्या शहरात वीज पुरवते ती नगरपालिकेचीच कंपनी. गेल्या वर्षी बिलं वाढू लागली. आधी थोडी वाढली, तेव्हा लोक कुरकुरले. मग पुन्हा वाढली, तेव्हा घराघरात भांडणं लागली. आमच्या इमारतीत तर करमणूकच सुरू झाली. बाईंचे यजमान खोलीखोलीतून फिरून दिवे बंद करायचे. बाई स्वयंपाकघरात काही चिरत असल्या तरी खटकन अंधार व्हायचा.

"अहो, मी आत आहे!"

"मग बोलत राहा ना. कुणी आत आहे हे मला कळायला नको?"

तेव्हापासून बाई एकट्या असल्या तरी स्वयंपाकघरात मोठमोठ्यानं बोलायच्या. खालून जाणाऱ्याला वाटायचं, यांच्याकडे कायम पाहुणे असतात.

त्यातच बातमी आली, की कंपनी नवे दर आणणार आहे. ठरावीक युनिटपर्यंत स्वस्त आणि त्यापुढे महाग असे टप्पे आधीपासून होते. आता स्वस्त टप्पा लहान करणार, म्हणजे आमच्यासारखी बरीच घरं आपोआप महागाच्या टप्प्यात जाऊन पडणार. त्यावर नगरपालिकेच्या सभागृहात मतदान व्हायचं होतं.

आमच्या वॉर्डात दोन नगरसेवक. एक सत्तेतल्या पक्षाचे. ते उन्हाळ्यातसुद्धा कोट घालायचे, म्हणून त्यांना सगळे कोटसाहेब म्हणायचे. दुसऱ्या विरोधी पक्षाच्या, वकीलबाई. दोघांचं एकमेकांशी इतकं वाकडं, की एक रस्त्याच्या या फुटपाथवर दिसला की दुसरा पलीकडे जायचा. दोघांनी वीजदरावर आपापली सभा घेतली. कोटसाहेबांच्या सभेत वकीलबाईंच्या लोकांनी थाळ्या वाजवल्या. वकीलबाईंच्या सभेत कोटसाहेबांच्या लोकांनी माईकची वायर काढली. शेवटी लोकच वैतागले आणि म्हणाले, दोघं एकाच व्यासपीठावर या आणि आमच्यासमोर बोला.

दोघंही तयार झाले, पण गाडी अडली अध्यक्षावर. मुख्याध्यापक सुचवले, तर वकीलबाई म्हणाल्या, ते कोटसाहेबांचे मामेभाऊ. डॉक्टर सुचवले, तर कोटसाहेब म्हणाले, ते वकीलबाईंचे अशील. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात ही चर्चा चालू होती. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते शेजारशेजारच्या खुर्च्यांवर साबण लावून बसले होते. न्हावीदादा वस्तरा थांबवून म्हणाले, "कंडक्टरबाईंना विचारा की. त्यांनी त्या दोघांनाही कधी ना कधी बसमधून खाली उतरवलंय."

आणि ते खरंच होतं. कोटसाहेब कॉलेजात असताना टपावर चढले होते. वकीलबाई शाळकरी असताना मैत्रिणीच्या पासवर फिरत होत्या. दोघांनाही बाईंनी पुढच्या थांब्यावर उतरवून चालायला लावलं होतं. एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचं एकमत झालं.

कार्यकर्ते बाईंच्या घरी आले, आम्ही शेजारीही दारात जमलो, तेव्हा बाई नेहमीप्रमाणे पाणी प्यायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

"मला विजेतलं काही कळत नाही," आतूनच म्हणाल्या. "आणि मला बोलता येत नाही. विचारा यांना."

यजमान खुर्चीत पेपर वाचत होते. आता हे हसणार, असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "अगं, तुला बोलायचंच नाहीये. बोलणारे दोघं आहेत. तुला फक्त त्यांना थांबवायचंय. ते तर तू झोपेतसुद्धा करतेस."

बाई दारात आल्या. "शिट्टी चालेल का?" त्यांनी विचारलं.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात सभा ठरली. यजमानांनी खास दिवशीचा सदरा घातला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. सभागृह गच्च भरलं होतं. मधल्या वाटेच्या उजवीकडे कोटसाहेबांची माणसं, डावीकडे वकीलबाईंची. जशी लग्नात वराकडची आणि वधूकडची बसतात तशी, फक्त चेहरे घटस्फोटाचे. बाकीचे आम्ही दारात, खिडक्यांत.

बाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या. मी दारातून पाहत होते. समोर माईक. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आता या माईक कुणाला देणार?

तेवढ्यात उजवीकडून कुणी घोषणा दिली, डावीकडून उत्तर आलं, दोन-चार जण उठून मधल्या वाटेत आले, एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. आणि बाईंनी शिट्टी फुंकली. अशी फुंकली, की खिडकीतली कबुतरं उडाली.

"दारात कोण उभंय? आत सरका! मागचे पुढे चला! पुढे मोकळं आहे सगळं! अहो कॉलर, तुम्हालाच सांगतेय, सोडा त्यांना आणि आत सरका!"

आणि सगळं सभागृह खरोखरच आत सरकलं. सवयच होती ना. निम्मा वॉर्ड त्यांच्या गाडीतून वाढलेला. दारातले आम्ही आत आलो, मधल्या वाटेतले पुढे गेले, आणि कॉलर धरणारा कॉलर सोडून जागा शोधू लागला. मग लोकांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते, आणि हशा उसळला. बाईसुद्धा हसल्या.

"आता बसा," त्या म्हणाल्या. "पण असं नाही. माझ्या गाडीत उजवे-डावे नसतात. जिथे जागा दिसेल तिथे बसायचं. तुम्ही इकडे या, तुम्ही तिकडे जा. टोपीवाले, तुम्ही आजींच्या शेजारी बसा. आजी, यांनी घोषणा दिली की चिमटा काढा."

पाच-दहा मिनिटं उठाबशी चालली. पण सगळे मिसळून बसल्यावर एक चमत्कार झाला. घोषणा देणाऱ्यांची पंचाईत झाली. शेजारी दुसऱ्या पक्षाचा माणूस मांडीला मांडी लावून बसलेला असताना एकट्यानं ओरडायला लाज वाटते.

मग भाषणं झाली. कोटसाहेब आधी बोलले. तारा जुन्या झाल्यात, रोहित्रं जळतात, इंधन महागलंय. आज पैसे लावले नाहीत तर उद्या अंधारात बसायची वेळ येईल. वकीलबाई म्हणाल्या, तारा जुन्या झाल्या त्याला आमची घरं जबाबदार नाहीत. मोठ्या हॉटेलांना सवलत, सरकारी कचेऱ्यांची बिलं थकलेली, आणि त्याची भरपाई एक पंखा आणि एक फ्रीज असणाऱ्यांनी करायची? दोघांचंही थोडं थोडं पटत होतं, तेच तर कठीण होतं. मधे मधे शिट्टी वाजायची. कोटसाहेब वकीलबाईंच्या वडिलांवर घसरले तेव्हा वाजली. वकीलबाई कोटसाहेबांच्या बंगल्यावर आल्या तेव्हाही वाजली.

"विजेवर बोला," बाई म्हणायच्या. "बाकीचं उतरल्यावर."

प्रश्नांची वेळ आली तेव्हा बाईंनी एक नियम घातला. ज्याला प्रश्न विचारायचा असेल त्यानं आधी आपल्या घरात विजेवर काय काय चालतं ते सांगायचं.

हा नियम त्यांना तिथेच उभ्या उभ्या सुचला होता, असं त्या नंतर म्हणाल्या. पण त्यानं सभेचा रंगच पालटला. गरिबांची लूट थांबवा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे गृहस्थ उठले, घसा खाकरला आणि हळू आवाजात म्हणाले, "एसी. दोन. म्हणजे एक कुत्र्याच्या खोलीत आहे." पुढचा प्रश्न ते विसरूनच गेले.

इस्त्रीवाल्या वहिनी उठल्या. "दुकानात दोन इस्त्र्या. घरी पंखा, टीव्ही आणि सासूबाई."

"सासूबाई विजेवर?" बाईंनी विचारलं.

"टीव्हीवर. टीव्ही बंद झाला की त्या सुरू होतात."

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. वहिनींच्या सासूबाई तिसऱ्या रांगेत होत्या, त्याच सगळ्यात जास्त हसत होत्या. हसू थांबल्यावर वहिनींनी बिल वर धरलं. "माझा प्रश्न सोपा आहे. यात लिहिलंय 'स्थिर आकार'. तो दर वर्षी वाढतो. मग त्याला स्थिर का म्हणतात?"

कोटसाहेबांनी कागद चाळले. "ती एक... तांत्रिक संज्ञा आहे."

"माझ्या नवऱ्याचं पोट पण मग तांत्रिकच आहे," वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या. कोटसाहेबांना हसू आवरेना. त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

मग मागच्या बाजूला एक हात वर झाला. आमच्याच इमारतीतल्या, तळमजल्यावरच्या काकू. त्यांचे यजमान वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे. फुप्फुसं कमजोर झाली, आता ते घरीच असतात. काकू सहसा कुठे बोलत नाहीत.

"माझ्या घरात," काकू म्हणाल्या, "एक दिवा, एक पंखा आणि एक माणूस विजेवर चालतो."

आधी कुणीतरी हसायला सुरुवात केली, वहिनींसारखाच विनोद समजून. आणि मधेच थांबलं.

"श्वासाचं मशीन आहे ह्यांचं. दिवसरात्र लावावं लागतं. आम्ही बाकी काही वापरत नाही हो. फ्रीजसुद्धा बंद केला. तरी आम्ही महागाच्या टप्प्यात जातो. आता टप्पा आणखी लहान होणार म्हणतात. मला एवढंच विचारायचंय, श्वास आणि एसी एकाच टप्प्यात कसे?"

कोटसाहेबांनी कागदांकडे हात नेला आणि परत घेतला. "काकू," ते म्हणाले, "याचं उत्तर माझ्या कागदांत नाही."

आम्हा सगळ्यांचे डोळे वकीलबाईंकडे वळले. एवढी आयती संधी. बाईंनी शिट्टी ओठांपाशी नेली. वकीलबाई उठल्या. "माझ्याही नाही," त्या म्हणाल्या. "मी इतके महिने या दरांवर बोलतेय. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

कंडक्टरबाईंनी शिट्टी खाली ठेवली आणि माईक जवळ ओढला. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच सलग बोलल्या.

"मी कामाला लागले तेव्हा डेपोत माझ्यासाठी एक साधं स्वच्छतागृह नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. बाई येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. समोरच्या बेकरीवालीनं मला तिच्या घराची किल्ली दिली. तिनं नसती दिली तर मी नोकरी सोडली असती. माझं तिचं नाव घ्यायचं राहून गेलं होतं, आज घेते." आणि त्यांनी घेतलं. "तुम्ही दोघं भांडा, तुमचं कामच आहे ते. तारा, हॉटेलं, सगळ्यावर भांडा. पण काकूंच्या प्रश्नावर तुमचं भांडण नाहीये, असं मला दिसतंय. मग तेवढं तरी एकत्र करून टाका."

टाळ्या कुठून सुरू झाल्या माहीत नाही. सगळे मिसळून बसले होते, त्यामुळे कोणत्या पक्षाच्या ते कळलं नाही. पहिल्या रांगेत बाईंचे यजमान उभे राहिले होते आणि चष्मा पुसत होते. ते पुसणं बराच वेळ चाललं होतं.

तिथेच ठरलं. ज्यांच्या घरात आजारी माणसासाठी यंत्र लागतं, त्यांची ती वीज स्वस्त टप्प्यातच धरायची, अशी दुरुस्ती दोघांनी मिळून नगरपालिकेच्या सभागृहात मांडायची. मतदानाच्या दिवशी काकूंनाही बरोबर न्यायचं, आणि कंडक्टरबाईंनी यायचंच, नाहीतर हे दोघं वाटेतच भांडतील, असं लोक म्हणाले.

लोकांचं बरोबर होतं. टॅक्सी दारात आली आणि पुढच्या सीटवर कुणी बसायचं यावरून दोघांचं जुंपलं. कोटसाहेब म्हणाले, मला मागे मळमळतं. वकीलबाई म्हणाल्या, फायली माझ्याकडे आहेत. बाईंनी दोघांना काकूंच्या दोन बाजूंना मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसल्या. रस्ताभर मागे रोहित्रांवर वाद चालला होता. काकू मधे बसून दोघांना आलटून पालटून पेपरमिंट देत होत्या.

नगरपालिकेत त्या दिवशी सगळं आमच्या मनासारखं झालं असं नाही. दर वाढलेच. वकीलबाई त्याविरुद्ध तावातावानं बोलल्या आणि हरल्या. पण स्वस्त टप्पा लहान करायचा प्रस्ताव फेरविचारासाठी परत पाठवला गेला, आणि यंत्रांच्या विजेबद्दलची दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. एकमतानं! सभापतींनी दोनदा मोजायला लावलं म्हणे, त्यांचा विश्वासच बसेना. नंतर कळलं, शहरात अशी कितीतरी घरं होती आणि आजवर कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

काकूंनी घरी येऊन काकांना परत एकदा सगळी सभा सांगितली. मतदानाची नाही, शाळेतली. काका खिडकीपाशी मशीन लावून बसले होते आणि पुन्हा पुन्हा सासूबाई आणि टीव्ही सांगायला लावत होते. त्यांना इतकं हसू आलं, की मशीन टींटीं करायला लागलं. काकू घाबरल्या. काकांनी हातानं थांब म्हणून खूण केली, दम घेतला आणि म्हणाले, "हसायचं युनिट वेगळं धरतात का, ते पण विचारून ये."

आता पलीकडच्या वॉर्डात पाण्यावरून रणकंदन पेटलंय. त्यांचे लोक काल कंडक्टरबाईंकडे येऊन बसले होते. बाई पाणी प्यायला आत गेल्या नाहीत. त्यांनीच पाहुण्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "हॉल केवढा आहे? दारं किती?"

यजमान उठून सदऱ्याला इस्त्री करायला इस्त्रीवाल्या वहिनींकडे गेले. घरी इस्त्री आहे त्यांच्या, पण ती ते अजून लावू देत नाहीत.